छपरावरचा बर्फ खाली बसला, म्हणून भार घटला असे नाही

पत्र: गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक जुने, दोन पाख्यांचे घर विकत घेतले. बर्फ पडणाऱ्या मुलुखातला हा आमचा पहिलाच हिवाळा आहे. पंधरा दिवसांत छपरावर जवळजवळ गुडघाभर बर्फ साठला. परवा दिवसभर पाऊस पडला आणि बर्फाची उंची निम्म्याने खाली बसली, तेव्हा आम्हाला हायसे वाटले. मात्र त्याच रात्री माळ्यावरून लाकूड तडकल्यासारखा आवाज तीन-चार वेळा आला. सकाळपासून मधल्या खोलीचे दार वरच्या बाजूला चौकटीला घासते आहे. बाहेरच्या भिंतीलगत छतावर तपकिरी डाग उमटला आहे आणि वळचणीला हातभर लांबीचे बर्फाचे सुळे लोंबत आहेत. घराच्या मागे नंतर जोडलेली, कमी उताराच्या पत्र्याची पडवी आहे, तिच्यावरचा बर्फ तर भिंतीला टेकून खिडकीपर्यंत चढला आहे. यजमान शिडी लावून, फावडे घेऊन वर जायचे म्हणतात. दीर म्हणतात की ऊन पडले की आपोआप वितळेल, उगीच जीव धोक्यात घालू नका. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर: दोघांचेही ऐकू नये. हे मी आपल्याला पत्र हाती पडताच कळवले आहे, परंतु अशाच घरात राहणाऱ्या इतर वाचकांसाठी ते येथे पुन्हा लिहितो. मुसळधार पावसानंतरची रात्र, माळ्यावरून पुन्हापुन्हा येणारा आवाज आणि घराच्या मध्यभागातील दार एकाएकी घासू लागणे, या तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या असताना त्या योगायोगाने घडल्या असे समजून त्या घरात झोपणे योग्य नाही. घरातल्या सर्वांनी बाहेर पडावे, बाहेर पडताना मागच्या पडवीतून न जाता पुढच्या दाराने जावे, वळचणीखाली रेंगाळू नये, आणि आपत्कालीन सेवेला व इमारतींची पाहणी करणाऱ्या स्थापत्य अभियंत्याला कळवून, त्यांनी छप्पर पाहून हरकत नाही असे सांगेपर्यंत दुसरीकडे मुक्काम करावा. सामान काढण्यासाठी परत आत जाण्याचा मोह होतो, तोही टाळावा.

सुटा आवाज प्रत्येक वेळी धोक्याचा असतो असे मात्र नाही. कडाक्याच्या थंडीत लाकूड आणि पत्रा आकसतात व त्या वेळी एखादा टणत्कार होतो. हिवाळ्यात असा आवाज अनेक घरांत ऐकू येतो आणि त्याचा भाराशी संबंध नसतो. त्याचप्रमाणे दमट हवेने लाकूड फुगूनही दार अडते, परंतु ते हळूहळू, काही दिवसांत अडू लागते आणि बहुधा बाहेरच्या दारांपासून त्याची सुरुवात होते. आपल्याकडे अडले आहे ते आतले, मधले दार, आणि तेही एका रात्रीत. आढ्याखालच्या भागावर भार वाढला की छताचा मधला भाग किंचित खाली येतो, त्याबरोबर चौकटीची वरची पट्टी दबते आणि दार नेमके वरच्या कडेला घासू लागते. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी नवी भेग गिलाव्यात दिसली, तर शंकेला जागा उरत नाही. जुन्या भेगेच्या कडा मळकट आणि बोथट झालेल्या असतात, तर ताज्या भेगेच्या कडा पांढऱ्या व धारदार असतात आणि तिच्याखाली जमिनीवर चुन्याची बारीक भुकटी सांडलेली आढळते.

आता आपल्या पत्रातील ज्या वाक्याने मला सर्वाधिक काळजी वाटली त्याकडे येतो. ते वाक्य आवाजाचे नाही, दाराचेही नाही. बर्फ निम्म्याने खाली बसल्यामुळे हायसे वाटले, हे ते वाक्य आहे. आपल्या बोलण्यात आभाळातून पडणाऱ्या पिसासारख्या हिमालाही बर्फ म्हणतात आणि पाणी गोठून झालेल्या काचेसारख्या लादीलाही बर्फच म्हणतात. एकच शब्द असल्यामुळे त्या दोघांच्या वजनातला फरक आपल्या लक्षात येत नाही, आणि तो फरक थोडाथोडका नाही. नुकत्याच पडलेल्या कोरड्या, भुसभुशीत हिमाचे वजन घनमीटरला सुमारे ५० ते १०० किलो भरते. तेच हिम काही दिवस पडून राहिले, स्वतःच्या भाराने दाबले गेले, की २०० ते ३०० किलोंपर्यंत जाते. पाण्याने भिजले तर ४०० किलो किंवा त्याहून अधिक होते. आणि निखळ गोठलेल्या बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे ९१७ किलो असते. म्हणजे छपरावर एक वीत जाडीचा थर आहे, एवढ्याच माहितीवरून त्याच्या भाराविषयी काहीही सांगता येत नाही.

आपल्याच छपराचा हिशेब अंदाजाने मांडून पाहू. गुडघाभर म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर उंचीचा, थोडा बसलेला बर्फ घनमीटरला १५० किलो वजनाचा धरला, तर पावसापूर्वी प्रत्येक चौरस मीटरवर ७५ किलो भार होता. नंतर समजा ३० मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, अर्थात एक किलो पाणी. बर्फाचा थर स्पंजाप्रमाणे हे पाणी धरून ठेवतो, त्याचे कण विरघळून एकमेकांना चिकटतात आणि थर खाली बसतो. पाणी सगळेच टिकून राहिले तर भार ७५ वरून १०५ किलोंवर गेला, उंची मात्र ५० सेंटिमीटरवरून २८-३० वर आली. छपराचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर असेल, तर डोळ्यांना बर्फ अर्धा झाल्याचे दिसत असताना छपरावर तीन टन वजन नव्याने येऊन बसले होते. उभ्या उताराच्या छपरावरून काही पाणी वाहून जाते, त्यामुळे प्रत्यक्षातली वाढ थोडी कमी असू शकते. पण वळचणीशी पाण्याची वाट गोठून बंद झालेली असेल, आणि आपल्याकडे ती झालेली दिसते, तर ती सवलतही मिळत नाही.

भार स्वतः मोजण्याची एक सोपी रीत आहे आणि ती प्रत्येक बर्फाळ भागातील घरमालकाला माहीत असावी. उभ्या, सरळ बाजूंचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा एक पत्र्याचा डबा घ्यावा. अंगणात, वाऱ्याने ढीग लावलेला नाही अशा सपाट जागी, तो उपडा करून जमिनीला टेकेपर्यंत बर्फात सरळ दाबावा, खालून पातळ पत्रा सरकवून बर्फासकट उचलावा आणि घरात आणून वितळू द्यावा. थर डब्यापेक्षा उंच असेल तर दोन-तीन टप्प्यांत काढून सगळा बर्फ एकत्र वितळवावा. पाणी त्याच डब्यात ओतून त्याची उंची पट्टीने मोजावी. जितके मिलिमीटर पाणी, तितके किलो चौरस मीटरला. डब्याचा व्यास किती, याने काहीच बिघडत नाही. छपरावर वाऱ्यामुळे सर्वसाधारणपणे जमिनीपेक्षा काहीसा कमी बर्फ टिकतो, परंतु ही सरासरी झाली; ठरावीक कोपऱ्यांत तो जमिनीपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि छप्पर कोसळण्याची सुरुवात बहुधा अशा कोपऱ्यांतून होते.

मग छप्पर किती भार पेलू शकते? सर्व घरांना लागू पडेल असा एक आकडा नाही. नव्या बांधकामात त्या त्या प्रदेशाच्या नियमांनुसार जमिनीवरच्या बर्फाचा भार आधी ठरवतात आणि त्यावरून छपराचा भार काढतात. युरोपीय संहितेत, उदाहरणार्थ, ३० अंशांपर्यंतच्या उताराला जमिनीवरील भाराच्या ०.८ पट भार धरतात, त्यापुढे उतार वाढेल तसा तो कमी करत नेतात आणि ६० अंशांनंतर बर्फ टिकणारच नाही असे मानतात. मात्र बर्फ घसरू नये म्हणून छपरावर अडसर बसवलेले असतील, तर ही कपात करता येत नाही. कमी हिमवर्षावाच्या अनेक भागांत घराच्या छपराचा संकल्पित, म्हणजे आराखड्यात धरलेला, भार चौरस मीटरला १०० किलोंच्या आसपास असतो, आणि उंच डोंगराळ भागांत तो त्याच्या कित्येक पट असतो. आपले घर जुने आहे, म्हणजे ते कोणत्याही संहितेचा आधार न घेता, सुताराच्या अनुभवावर उभे राहिलेले असण्याचा संभव आहे. तो अनुभव पुष्कळदा उत्तम असतो. अडचण अशी की त्यानंतर त्या छपरावर काय काय चढवले गेले, हे त्या सुताराला माहीत नसते: जुन्या आच्छादनावर घातलेला दुसरा थर, पाण्याची टाकी, सौर पट्ट्या, माळ्यावर रचलेल्या पेट्या, यांतील प्रत्येक गोष्टीने बर्फासाठी राखून ठेवलेल्या ताकदीतला एक घास आधीच खाल्लेला असतो.

मुख्य छपराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक चिंता मला त्या पडवीची वाटते. उंच छपराला लागून खालच्या पातळीवर दुसरे छप्पर असले की वारा वरच्या पाख्यावरचे हिम उडवून आणतो आणि भिंतीच्या आडोशाला, जिथे वाऱ्याचा जोर ओसरतो, तिथे ते टाकतो. भिंतीलगत सर्वांत उंच आणि पुढे उतरत गेलेला, कापलेल्या पाचरीसारखा तो ढीग असतो. आपल्या पडवीवर तो खिडकीपर्यंत आला आहे, म्हणजे भिंतीशी त्याची उंची मीटरभर तरी असेल. वाऱ्याने आणलेले हिम मुळातच घट्ट बसलेले असते, त्यामुळे घनमीटरला ३०० किलो हा आकडा धरला तरी भिंतीलगतच्या चौरस मीटरवर ३०० किलो भार झाला, म्हणजे मुख्य छपरावर आहे त्याच्या जवळजवळ तिप्पट. नंतर जोडलेल्या पडव्या बहुतेक वेळा पावसापासून आडोसा एवढ्याच हिशेबाने, हलक्या नळ्यांवर किंवा पातळ वाशांवर उभ्या केलेल्या असतात, आणि घराकडची त्यांची बाजू भिंतीत ठोकलेल्या एका आडव्या पट्टीवर टेकलेली असते. सर्वाधिक भार नेमका त्या पट्टीवर येतो. खिळे किंवा बोल्ट भिंतीतून थोडे जरी उपसले गेले तरी पट्टी वरच्या कडेला भिंतीपासून सुटते आणि तिथे काळी, पातळ फट दिसते. ती आपल्याला बाहेरून, लांबूनही पाहता येईल. या सगळ्यात भर म्हणून वरच्या पाख्यावरचा ओला बर्फ एकदम घसरून पडवीवर आदळू शकतो. साठलेल्या भारापेक्षा आदळलेला भार अधिक घातक असतो, म्हणून पडवीचा वापर आजपासून पूर्णपणे बंद ठेवावा आणि तिच्या खाली गाडी, सायकल, सरपण असे काही असेल तर ते तिथेच राहू द्यावे.

आता दिरांच्या म्हणण्याकडे वळू. वर चढू नका हा त्यांचा अर्धा सल्ला बरोबर आहे. उरलेला अर्धा मात्र बर्फ कसा वितळतो याकडे दुर्लक्ष करतो. ऊन बर्फाचा वरचा थर वितळवते, ते पाणी खालच्या थरात मुरते, आणि जोपर्यंत ते छपरावरून वाहून जात नाही तोपर्यंत भारात तिळमात्र घट होत नाही. शिवाय ऊन दोन्ही पाख्यांवर सारखे पडत नाही. उन्हाकडचे पाखे आधी मोकळे होते आणि सावलीतले तसेच भरलेले राहते. दोन पाख्यांचे छप्पर म्हणजे आढ्यापाशी एकमेकांना टेकून उभे असलेले वासे. दोन्हीकडून सारखा दाब असताना ते एकमेकांना सावरतात, एका बाजूचा दाब निघून गेला की दुसरी बाजू आढ्याला तिकडे ढकलू लागते. एरवी फक्त दाब सोसणाऱ्या सांध्यांवर मग ताण येतो, आणि जुन्या घरांतील खिळ्यांचे सांधे ताण सोसण्यात कच्चे असतात. हीच चूक माणसेही करतात. अंगणाकडचे पाखे दिसते आणि हाताला येते म्हणून तेवढेच साफ करतात, मागचे पाखे राहून जाते. सगळा बर्फ तसाच ठेवण्यापेक्षा हे अर्धवट काम कधी कधी अधिक महागात पडते.

छतावरच्या तपकिरी डागाचे कारण वेगळे आहे, आणि तेही आपल्या पत्रातच दडलेले आहे. आढ्याचे पाणी वळचणीला जायचे, हा छपराचा साधा नियम. आपल्या वळचणीला पागोळ्या गोठून हातभर लांबीचे सुळे झाले आहेत. ते दिसायला सुंदर असले तरी घरातली ऊब छपरातून बाहेर निसटत असल्याची ती खूण आहे. खोल्यांतील उबदार हवा छतातल्या फटींतून, दिव्यांच्या भोकांतून, माळ्याच्या झडपेच्या कडांतून वर जाते आणि छपराच्या फळ्या तापवते. बर्फाचा तळचा थर वितळतो, पाणी बर्फाच्या आडून खाली वाहू लागते आणि भिंतीच्या पुढे आलेल्या वळचणीशी पोहोचते. वळचणीखाली खोली नाही, म्हणून तिथे ऊबही नाही. ते पाणी तिथे पुन्हा गोठते. रोज थोडे थोडे गोठून छपराच्या कडेला बर्फाचा बांध तयार होतो, त्याच्या मागे पाण्याचे डबके साठते, आणि त्या पाण्याला पुढे वाट न मिळाल्याने ते कौलांच्या किंवा पत्र्याच्या जोडाखालून उलट, वरच्या दिशेला सरकते. आच्छादन हे वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी रचलेले असते. खालून वर चढणाऱ्या पाण्याला ते अडवू शकत नाही. बाहेरच्या भिंतीलगतच डाग का पडतो, याचे उत्तर हे आहे.

हा बांध कुऱ्हाडीने किंवा हातोड्याने फोडण्याचा प्रयत्न करू नये, कारण बर्फाबरोबर आच्छादनही फुटते. आणि ज्योत लावून वितळवण्याचा विचारही मनात आणू नये. व्यावसायिक लोक वाफेने तो कापतात. तातडीचा उपाय म्हणून जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो मोजा बांधावर आडवा न ठेवता उतारासारखा उभा ठेवतात, म्हणजे त्याखालचा बर्फ विरघळून पाण्याला एक चर मिळते. साधे मीठ वापरू नये, त्याने पत्रा आणि पन्हळ गंजतात व खालची झाडे जळतात. परंतु हा उपाय छप्पर सुरक्षित ठरल्यानंतरचा आहे, आजचा नाही. कायमचा इलाज छपरावर नसून छताच्या आतल्या बाजूला आहे: उबदार हवा वर जाणाऱ्या सगळ्या फटी बुजवणे, माळ्याच्या जमिनीवर उष्णतारोधक थर पुरेसा आणि सलग घालणे, आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत बाहेरची थंड हवा खेळती ठेवणे, म्हणजे सगळे छप्पर सारखेच थंड राहते. या तिन्हींचा क्रम बदलू नये, फटी आधी बुजवाव्यात. नुसता जाड थर अंथरून फटी तशाच ठेवल्या तर ओलसर हवा वर जातच राहते आणि थंड फळ्यांवर जमते. पुढे कधी आच्छादन बदलाल तेव्हा वळचणीच्या पट्ट्यात त्याखाली चिकटणारा जलरोधक पडदा घालून घ्यावा. तो बाहेरच्या भिंतीच्या रेषेपासून आत किमान ६० सेंटिमीटरपर्यंत गेला पाहिजे.

यजमानांच्या बेताविषयी मी थोडे कठोर लिहिणार आहे. आधीच कुरकुरणाऱ्या छपरावर माणूस चढवणे म्हणजे जिथे भार कमी करायचा तिथेच ऐंशी-नव्वद किलो आणखी ठेवणे, तेही दोन पावलांएवढ्या जागेवर. वर गेल्यावर फावड्याने उपसलेला बर्फ माणूस आधी बाजूला ढीग करून ठेवतो, मग खाली ढकलतो. त्या ढिगाचे वजन पुन्हा एकाच वाशावर येते. पायाखाली आच्छादनाची कड आहे, झरोका आहे की नुसते गोठलेले पाणी, हे बर्फाखाली दिसत नाही, आणि ओला थर सुटला तर माणसासकट सुटतो.

छप्पर सुस्थितीत असताना, म्हणजे आपल्याकडची लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी, बर्फ काढण्याचे काम जमिनीवर उभे राहूनच करायचे असते. लांब दांड्याचे, रुंद पात्याचे बर्फ ओढण्याचे अवजार त्यासाठी मिळते. पाते प्लास्टिकचे आणि खाली छोटी चाके असलेले घ्यावे, म्हणजे आच्छादनावर ओरखडे पडत नाहीत. वळचणीपासून सुरुवात करून हात-दोन हात रुंदीचा पट्टा सावकाश खाली ओढावा, मग त्याच्या वरचा, आणि एका पाख्याचा एक पट्टा झाला की दुसऱ्या पाख्याचा तेवढाच पट्टा करावा. तळाशी पाच ते आठ सेंटिमीटर बर्फ खुशाल राहू द्यावा. छप्पर लख्ख करण्याची हौस हेच आच्छादन खराब होण्याचे मुख्य कारण असते. ओढणाऱ्याने सरळ खाली न राहता एका बाजूला उभे राहावे, सोबत दुसरे माणूस असावे, आणि धातूचा लांब दांडा विजेच्या तारेला लागणार नाही हे काम सुरू करण्यापूर्वी वर पाहून ठरवावे. घरी बर्फ ओढताना होणारे जे अपघात माझ्या ऐकण्यात आले आहेत, त्यांतील निम्मे तरी छपरामुळे नसून या शेवटच्या निष्काळजीपणामुळे झालेले होते.

बर्फाच्या भाराइतकीच महत्त्वाची, पण फारशी बोलली न जाणारी आणखी एक गोष्ट याच जागी सांगतो. तापयंत्राचा किंवा पाणी तापवण्याच्या बंबाचा धूर बाहेर टाकणारी नळी भिंतीतून किंवा छपरातून निघत असेल आणि तिचे तोंड बर्फाने बुजले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. छपरावरून ओढलेला बर्फ नेमका भिंतीतल्या नळीसमोर जमा होतो, म्हणून काम संपल्यावर ती नळी मोकळी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ या वायूची सूचना देणारे यंत्र बसवावे.

अभियंता येईल तेव्हा तो काय पाहील, हे आपल्याला माहीत असलेले बरे, कारण काही गोष्टी आपण दाखवल्या तरच त्याच्या नजरेस पडतील. तो माळ्याच्या झडपेतून विजेरीचा झोत वाशांच्या रेषेवर टाकेल. सरळ असायला हवी ती रेषा मध्ये झोक खाल्लेली आहे का, एखाद्या वाशाच्या अंगावर ताज्या, फिकट रंगाची चीर आहे का, कैचीच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्याच्या, सांध्यांवरच्या दातेरी पट्ट्या लाकडातून उचकटल्या आहेत का, तिरके टेकू दबून धनुष्यासारखे वाकले आहेत का, हे पाहील. आपण त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा, की या छपरातला एखादा टेकू पूर्वीच्या मालकाने कापलेला दिसतो का. जुन्या घरांत माळ्यावर सामान ठेवायला जागा व्हावी, धुराडे किंवा नळी न्यावी, म्हणून कैचीचा एखादा तिरका दांडा निवांतपणे कापून टाकलेला असतो. कैचीतला प्रत्येक दांडा दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो. एक गेला की बाकीचे उन्हाळाभर तग धरतात आणि पहिल्या जड हिवाळ्यात उघडे पडतात. आणखी एक बारीक खूण अशी: फळ्यांतून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरे दव गोठलेले असेल, तर खालच्या खोल्यांतली ओल वर जाते आहे. ते दव वितळते, लाकडात मुरते, आणि वर्षानुवर्षे असे चालले की वासा बाहेरून धडधाकट दिसत असूनही आतून कुजलेला असतो. टोकदार सळई दाबली की ती लोण्यात जावी तशी आत जाते.

ओलीने केलेला असा छुपा घात किती टोकाला जाऊ शकतो, हे घरांपेक्षा मोठ्या इमारतींच्या चौकशांत अधिक स्पष्टपणे नोंदले गेले आहे. जर्मनीतील बाड राइखेनहाल येथील बर्फावर स्केटिंग करण्याच्या सभागृहाचे छप्पर २ जानेवारी २००६ रोजी कोसळले आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी छपरावरचा बर्फ भरपूर होता, परंतु छपराने पेलायला हवा होता तेवढ्यापेक्षा तो अधिक नव्हता. लाकडी तुळयांतील गोंदाचे सांधे वर्षानुवर्षांच्या ओलीने निकामी झाले होते आणि मूळ संकल्पनातही चुका होत्या. त्याच महिन्यात, २८ जानेवारीला, पोलंडमधील कातोवित्से येथील प्रदर्शनगृहाचे छप्पर साठलेल्या बर्फाखाली कोसळले व ६५ जणांचा बळी गेला. तिथेही बर्फाच्या जोडीला संकल्पनातील दोष पुढे आले. या घटना मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. गेली चाळीस वर्षे हे छप्पर टिकले आहे, यंदाच काय होणार आहे, असे आपल्याला कोणी ना कोणी सांगेलच, आणि त्या युक्तिवादात किती दम आहे हे त्यांवरून समजावे एवढाच हेतू आहे. लाकूड थोडा वेळ जेवढा भार पेलते तेवढाच भार आठवडेच्या आठवडे पेलू शकत नाही, आणि प्रत्येक जड हिवाळ्यातला थोडा झोक कायमचा मुरत जातो. त्यामुळे चाळीस वर्षे टिकलेले छप्पर पहिल्या वर्षीइतके बळकट असेल असे धरून चालता येत नाही.

दुरुस्तीविषयी आत्ताच सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही, पाहणीतून काय निघते त्यावर ते अवलंबून आहे. एखाददुसरा वासा चिरला असेल तर त्याला जोडवासा लावून भागते. कैची कापलेली असेल तर अभियंत्याच्या रेखाटनाशिवाय सुताराला हात लावू देऊ नये. पडवीच्या बाबतीत मात्र मी आजच मत देतो: ती डागडुजी करून वाचवण्यापेक्षा उतरवून, वाऱ्याने साठणाऱ्या बर्फाचा हिशेब धरून, पुन्हा उभी करावी, आणि तिच्या वरच्या पाख्यावर बर्फ एकदम घसरू नये यासाठी अडसर बसवावेत. ते अडसर मुख्य छपरावरचा बर्फ धरून ठेवतील, त्यामुळे त्या छपराला तो अधिकचा भार पेलतो का, हे आधी विचारून घ्यावे.

पाहणी पूर्ण झाली की अभियंत्याकडून एक आकडा लेखी मागून घ्या: हे छप्पर चौरस मीटरला किती किलो बर्फ सुरक्षितपणे पेलते. दुरुस्तीनंतर तो बदलेल, तेव्हा नवा आकडा घ्या. माळ्याच्या झडपेच्या आतल्या बाजूला तो तारखेसह खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवा, आणि वर सांगितलेला सरळ बाजूंचा डबा व एक पट्टी तिथेच खिळ्याला अडकवून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडेल त्या संध्याकाळी यजमानांनी शिडीऐवजी तो डबा खाली काढावा.